येस बँक वाचली, तिचा शेअर मात्र परत आला नाही

५ मार्च २०२०, गुरुवार. दुपारी बाजारात बातमी पसरली की स्टेट बँकेच्या पुढाकाराने येस बँकेत भांडवल घालायला सरकार राजी झालं आहे. त्या एका दिवसात शेअर पंचवीस टक्क्यांहून जास्त उसळला आणि ३६ रुपयांच्या पुढे बंद झाला. दुपारी शेअर घेणाऱ्यांनी ऐकलेली बातमी खोटी नव्हती. स्टेट बँकेने खरंच पैसे घातले. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांचे निम्म्याहून जास्त पैसे गेले.

मधल्या रात्रीत रिझर्व्ह बँकेचा आदेश आला होता. संध्याकाळी सहापासून ३ एप्रिलपर्यंत निर्बंध, खातेदाराला जास्तीत जास्त ५० हजार रुपये, संचालक मंडळ बरखास्त, आणि प्रशासक म्हणून स्टेट बँकेचे माजी मुख्य वित्त अधिकारी प्रशांत कुमार. एटीएमसमोर रांगा लागल्या. येस बँकेच्या आधारावर चालणारं फोनपे रात्रीतून बंद पडलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे ९०० कोटींहून जास्त रुपये या बँकेत होते. महाराष्ट्राने काही महिन्यांपूर्वीच पीएमसी बँकेच्या खातेदारांचे हाल पाहिले होते, त्यामुळे भीतीला कारण होतं. शुक्रवारी बाजार उघडल्यावर शेअर घसरत घसरत साडेपाच रुपयांच्या आसपास जाऊन आला आणि १६ च्या जवळ बंद झाला.

शेअर बाजारात नव्याने येणाऱ्यांना मी हेच प्रकरण आधी समजून घ्यायला सांगतो. घोटाळ्याची प्रकरणं सोपी असतात, तिथे कुणीतरी फसवलं म्हणून आपण मोकळे होतो. इथली गोष्ट वेगळी आहे. ही बँक बुडाली नाही. आजही तिच्या शाखा चालू आहेत, ठेवीदारांचा एक रुपयाही गेला नाही, पुढे ती नफ्यात आली. ज्यांनी "एवढी मोठी बँक सरकार बुडू देणार नाही" असं म्हणत शेअर घेतले, त्यांचा अंदाज शब्दशः बरोबर ठरला. आणि पैसे गेले ते त्यांचेच. हे कसं झालं ते आकडे समोर ठेवून पाहण्यासारखं आहे.

रांगेत आपण कुठे उभे आहोत

एकाच बँकेत तीन माणसांनी प्रत्येकी लाख रुपये घातले असं समजू. पहिल्याने मुदत ठेव केली, दुसऱ्याने बँकेचे रोखे (बाँड) घेतले, तिसऱ्याने शेअर. तिघेही बोलताना "माझे पैसे येस बँकेत आहेत" असंच म्हणतील. पण ठेवीदाराला बँक देणं लागते, रोखेधारकालाही देणं लागते, आणि शेअरधारकाला काहीच देणं लागत नाही. तो मालक आहे. सगळ्यांची देणी भागवून जे उरेल ते त्याचं. उरलं तर भरपूर, नाही उरलं तर शून्य. शेअरमध्ये पैसे वाढायला वरची मर्यादा नसते ती याच कारणाने, आणि खाली आधार नसतो तोही याच कारणाने.

मार्च २०२० मध्ये ही रांग उघड दिसली. ठेवीदारांना १८ मार्चच्या संध्याकाळी निर्बंध उठल्यावर सगळे पैसे मोकळे झाले. रोख्यांपैकी "एटी वन" नावाचे, म्हणजे बँक संकटात आली तर बुडवता येतील अशा अटीचे ८,४१५ कोटींचे रोखे शून्यावर आणले गेले. यात सामान्य माणसंही होती. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या एप्रिल २०२१ च्या आदेशात नोंद आहे की २७७ ग्राहकांनी मुदत ठेवी मोडून हे रोखे घेतले होते. बँकेने त्या आदेशाला आव्हान दिलं. रोखे शून्य करण्याचा निर्णयही मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. जास्त व्याज कशाबद्दल मिळतंय हे न विचारता ठेव मोडणाऱ्यांची ती वेगळी, फार दुःखद कथा आहे. इथे मी शेअरधारकाबरोबरच राहणार आहे.

४५ रुपयांपासून ४०० पर्यंत

राणा कपूर आणि अशोक कपूर यांनी २००४ मध्ये ही बँक सुरू केली. अशोक कपूर २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात मारले गेले. त्याआधी २००५ मध्ये ४५ रुपयांना शेअर बाजारात आला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच झाले, म्हणजे सुरुवातीचा ४५ चा भाव आजच्या हिशेबाने ९ रुपये. ऑगस्ट २०१८ मध्ये तोच शेअर ४०० च्या थोडा वर होता. तेरा वर्षांत सुमारे पंचेचाळीस पट. मार्च २०१५ मध्ये निफ्टी या पन्नास बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात, डिसेंबर २०१७ मध्ये सेन्सेक्समध्ये समावेश. देशातल्या आघाडीच्या खासगी बँकांमध्ये नाव.

हे यश खोटं नव्हतं, पण ते कशावर उभं होतं हे एका आकड्यात दिसत होतं. मार्च २०१४ मध्ये बँकेने दिलेली कर्जं ५५,६३३ कोटी होती. मार्च २०१९ मध्ये ती २,४१,४९९ कोटी झाली. पाच वर्षांत चौपटीहून जास्त. इतर बँका बड्या उद्योगांना कर्ज देताना हात आखडता घेत होत्या, तेव्हाची ही वाढ आहे. कापड दुकानाने विक्री चौपट केली तर कौतुक करावं, कारण पैसे गल्ल्यात आलेले असतात. कर्ज देणाऱ्याचं उलट असतं. त्याने पैसे बाहेर दिलेले असतात आणि ते परत येतात की नाही हे काही वर्षांनी कळतं. तोवर व्याज, शुल्क आणि नफा कागदावर छान दिसतो. बँकेचा शेअर घेताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी माणूस बऱ्याच चुकांमधून वाचतो. मार्च २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी या बँकेच्या अडचणीतल्या कर्जदारांची नावं घेतली, त्यात अनिल अंबानी समूह, एस्सेल, डीएचएफएल, आयएल अँड एफएस ही मोठी नावं होती.

जे आधीच जाहीर झालं होतं

"आम्हाला काय माहीत असणार" हे वाक्य या प्रकरणात फार ऐकायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं. आतल्या फायली कुणालाच दिसत नाहीत. पण इथे बाहेर आलेलं बरंच होतं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये बँकेने स्वतः जाहीर केलं की २०१६-१७ या वर्षाची थकीत कर्जं आपण २,०१८ कोटी दाखवली होती, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती ८,३७३ कोटी निघाली. चौपटीचा फरक. त्याआधीच्या वर्षीही असंच झालं होतं, बँकेने दाखवलेली ७४८ कोटी, रिझर्व्ह बँकेने मोजलेली ४,९२५ कोटी. एकदा झालं तर नियम लावण्यातला मतभेद म्हणता येईल. सलग दोन वर्षं झालं म्हणजे ताळेबंदातला आकडाच भरवशाचा राहिला नाही. माझ्या मते शेअरधारकाने उठून जायची वेळ हीच होती. भाव मात्र त्यानंतरही चढला आणि दहा महिन्यांनी उच्चांक गाठला. बातमी खरी असूनही भाव उलट जातो तेव्हा माणसाला वाटतं आपणच चुकलो.

सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने राणा कपूर यांना ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच पदावर राहायची परवानगी दिली. शेअर एका दिवसात जवळपास ३० टक्के पडला. कपूर यांनी तेव्हा समाजमाध्यमावर लिहिलं की आपल्याकडचे बँकेचे शेअर हिऱ्यांसारखे आहेत, ते मुलींकडे जातील आणि त्यातला एकही विकू नये असं मृत्युपत्रात सांगून ठेवू. किती जणांनी त्या भरवशावर शेअर धरून ठेवले असतील! कपूर हे बँकेचे प्रवर्तक, म्हणजे संस्थापक-मालक. त्यांच्या कंपन्यांनी त्या हिश्शावर कर्ज उचललं होतं, आणि नोव्हेंबर २०१९ पर्यंत त्यांचा जवळजवळ सगळा हिस्सा विकला गेला होता. प्रवर्तक काय बोलतो ते वाचण्याआधी त्याचे किती शेअर तारण आहेत ते पाहावं. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचं "शेअरहोल्डिंग पॅटर्न" दर तिमाहीला येतं, त्यात तारणाचा स्वतंत्र रकाना असतो. शेजारीच मोठ्या संस्थांचा आणि किरकोळ गुंतवणूकदारांचा हिस्साही दिसतो. या बँकेत एकीकडे संस्था कमी होत गेल्या आणि दुसरीकडे किरकोळ लोक वाढत गेले. कोण कोणाला विकत होतं हे त्या तक्त्यात लिहिलेलं होतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकेने सांगितलं की आता रिझर्व्ह बँकेला थकीत कर्जांत काहीही फरक आढळला नाही. शेअर एका दिवसात ३० टक्के वर. लगेच रिझर्व्ह बँकेने खडसावलं की अहवाल गोपनीय असताना त्यातली एवढीच गोष्ट सांगणं चूक आहे, त्याच अहवालात इतर त्रुटीही आहेत. एप्रिलमध्ये नवे प्रमुख रवनीत गिल यांनी पहिला निकाल मांडला तो १,५०७ कोटींच्या तोट्याचा. त्यानंतरच्या पहिल्या सत्रात शेअर पुन्हा जवळपास ३० टक्के पडला. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने आपले माजी डेप्युटी गव्हर्नर आर. गांधी यांना संचालक मंडळावर नेमलं. ऑक्टोबरच्या अखेरीस परदेशी गुंतवणूकदाराकडून १२० कोटी डॉलरचा प्रस्ताव आल्याची घोषणा झाली, शेअर पुन्हा उसळला. ते पैसे कधी आलेच नाहीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चुकलेले फक्त छोटे लोक नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये बँकेने मोठ्या संस्थांकडून ८३ रुपये ५५ पैसे भावाने १,९३० कोटी उभे केले. अभ्यास करणारी, विश्लेषक पदरी असलेली मंडळी ती. सात महिन्यांत त्यांचेही बहुतेक पैसे गेले. फरक इतकाच, की म्युच्युअल फंडाच्या योजनेला एका कंपनीच्या शेअरमध्ये १० टक्क्यांहून जास्त पैसे घालता येत नाहीत, सेबीचा तसा नियम आहे. त्यांची चूक नियमानेच बांधलेली होती. घरच्या माणसाला असा नियम कुणी घालून देत नाही.

ॲव्हरेज

आता ज्याने सगळ्यात जास्त पैसे खाल्ले त्याकडे येतो: ॲव्हरेज करणं, म्हणजे भाव पडेल तसे आणखी शेअर घेऊन खरेदीचा सरासरी भाव खाली आणणं. खालचा गुंतवणूकदार काल्पनिक आहे, भाव त्या त्या काळातले, ठोकळ.

ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने १०० शेअर ३८० ला घेतले, ३८ हजार रुपये. महिनाभरात भाव २२० वर आला. अजून १०० घेतले, २२ हजार. मे २०१९ मध्ये १६५ ला १०० घेतले, साडेसोळा हजार. सप्टेंबरमध्ये ६० ला २००, बारा हजार. जानेवारी २०२० मध्ये ४० ला ५००, वीस हजार. एकूण हजार शेअर, १,०८,५०० रुपये. मोबाइलवरच्या ॲपमध्ये खरेदीचा सरासरी भाव दिसतो १०८ रुपये ५० पैसे.

हा आकडा फार दिलासा देतो. ३८० ला घेतलेली वस्तू १०८ ची झाल्यासारखी वाटते. १०८ पर्यंत भाव आला की सुटलो, असं मन सांगतं, आणि ४०० पाहिलेल्या शेअरला १०८ अवघड का जावं? पण पहिल्या खरेदीनंतर तो थांबला असता तर त्याचा जास्तीत जास्त तोटा ३८ हजार होता. ॲव्हरेज करून त्याने तो तोटा कमी केला नाही, तोट्यात जाऊ शकणारी रक्कम जवळपास तिप्पट केली. आणि प्रत्येक वेळी पैसे टाकताना नवी माहिती तपासली नाही, फक्त जुना भाव तपासला. "आधी ३८० होता, आता ४० आहे" ही त्या शेअरबद्दलची माहिती नाही, ती आपल्या आठवणीबद्दलची माहिती आहे.

याला जोड मिळते ती पुस्तकी मूल्याची. मार्च २०१९ च्या ताळेबंदात बँकेचं स्वतःचं भांडवल सुमारे २७ हजार कोटी होतं, म्हणजे एका शेअरमागे जवळपास ११६ रुपये. सहा महिन्यांनी शेअर ६० ला मिळत असताना "११६ चा माल ६० ला" हा हिशेब कुणालाही मोहात पाडेल. मूल्य शोधून गुंतवणूक करणारी चांगली माणसंही यात अडकली. पण ती ११६ ची किंमत कर्जं वसूल होतील हे धरून काढलेली होती. १४ मार्च २०२० ला, पुनर्रचना जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, डिसेंबर तिमाहीचा लांबलेला निकाल आला. तोटा १८,५६४ कोटी, थकीत कर्जं एकूण कर्जांच्या १८.८७ टक्के. ठेवी सप्टेंबर २०१९ मधल्या २.०९ लाख कोटींवरून ५ मार्चपर्यंत १.३७ लाख कोटींवर आल्या होत्या. एका तिमाहीच्या निकालाने ११६ पैकी ७० रुपयांहून जास्त पुसले गेले. बँकेच्या बाबतीत पुस्तकी मूल्य हे तपासनिसावरच्या विश्वासाइतकंच पक्कं असतं, आणि इथे २०१७ मध्येच तपासनिसाने, म्हणजे रिझर्व्ह बँकेने, दाखवलं होतं की आकडे जुळत नाहीत.

वाचवलं कसं, आणि त्याची किंमत

१३ मार्च २०२० ची योजना अशी होती. स्टेट बँकेने ६,०५० कोटी घातले. आयसीआयसीआय बँक आणि एचडीएफसी प्रत्येकी १,००० कोटी, ॲक्सिस ६००, कोटक महिंद्रा ५००, बंधन आणि फेडरल प्रत्येकी ३००, आयडीएफसी फर्स्ट २५०. एकूण १० हजार कोटी. हे शेअर त्यांना १० रुपये भावाने दिले गेले.

जुन्या शेअरधारकांना अट घातली गेली. ज्यांच्याकडे १०० पेक्षा जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत. आपल्या काल्पनिक माणसाचे हजारपैकी ७५० शेअर गोठले, मोकळे राहिले २५०. पुढच्या काही सत्रांत शेअर ८० च्या पुढे जाऊन आला. बाजारात विकायला शेअरच थोडे उरले होते, त्या टंचाईचाही तो भाव होता. ज्याने पहिले १०० शेअर घेऊन हात आवरला होता तो त्या दिवसांत सगळे विकून बाहेर पडू शकत होता. ॲव्हरेज करत हजारांवर गेलेल्याला हवे तेवढे विकताच आले नाहीत. आपला शेअर आपण केव्हाही विकू शकतो, हे आपण गृहीतच धरतो. इथे तेही गेलं. गोठलेले शेअर मोकळे झाले १३ मार्च २०२३ ला, तेव्हा भाव १६ च्या आसपास होता.

आता या प्रकरणाचा गाभा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२० च्या आधी बँकेचे एकूण शेअर सुमारे २५५ कोटी होते. दहा रुपयांना हजार कोटी नवे शेअर दिल्यावर ते १,२५५ कोटी झाले. जुलै २०२० मध्ये १२ रुपयांना लोकांना आणि संस्थांना शेअर देऊन बँकेने १५ हजार कोटी उभे केले, शेअर झाले २,५०५ कोटी. डिसेंबर २०२२ मध्ये कार्लाइल आणि ॲडव्हेंट या परदेशी गुंतवणूक कंपन्यांनी १३ रुपये ७८ पैशांनी पैसे घातले, त्यांचे शेअर घेण्याचे बाकीचे हक्क २०२४ मध्ये शेअरमध्ये बदलल्यावर आकडा ३,१३५ कोटींच्या आसपास आला.

बँक तीच, नाव तेच, शाखा त्याच. पण ज्याच्याकडे हजार शेअर होते त्याची मालकी बारा पटीने पातळ झाली. दुधात पाणी घातल्यासारखं हे नाही, कारण नव्या लोकांनी खरे पैसे घातले आणि त्याशिवाय बँक जगली नसती. त्यांनी ते १० आणि १२ रुपयांना घातले, इतकंच. पुढे बँक सावरली त्याचं फळ मुख्यतः त्यांना मिळालं.

मे २०२५ मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेने २० टक्के हिस्सा २१ रुपये ५० पैसे भावाने घ्यायचा करार केला, एकूण १३,४८३ कोटींचा. त्या भावाने संपूर्ण बँकेची किंमत सुमारे ६७ हजार कोटी होते. ऑगस्ट २०१८ च्या उच्चांकाला ती ९० हजार कोटींच्या थोडी पुढे होती. म्हणजे कंपनीची किंमत उच्चांकाच्या जवळजवळ पाऊण भागापर्यंत परत आली आणि शेअर उच्चांकाच्या साडेपाच टक्क्यांच्याही आत. १० रुपयांना आलेल्या स्टेट बँकेचे दुपटीहून जास्त झाले, ३८० ला आलेल्याचे २१.

"कधीतरी परत ४०० होईल" असं अजूनही ऐकू येतं. ३,१३५ कोटी शेअर गुणिले ४०० म्हणजे साडेबारा लाख कोटी. आपल्या माणसाला फक्त बरोबरीत सुटायचं असेल, १०८ रुपये ५० पैसे हवे असतील, तरी बँकेची किंमत ३ लाख ४० हजार कोटी व्हावी लागेल, तिच्या आजवरच्या उच्चांकाच्या साडेतीन पटींहून जास्त. जुना भाव आठवताना शेअरची जुनी संख्याही आठवावी लागते. पडलेला शेअर घ्यायचा मोह झाला तर भाव सोडून आधी एवढं करावं: भाव गुणिले शेअरसंख्या काढावी, आणि त्या कंपनीला जगायला अजून किती भांडवल लागेल, ते कोणत्या भावाने येईल, हे स्वतःला विचारावं. उत्तर सापडत नसेल तर तो शेअर आपल्यासाठी नाही. दोन-पाच मिनिटांचं गणित आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कुणी ते माझ्यासमोर बसून केलं असतं तर मी त्याला हात जोडून थांबवलं असतं.

एक शेअर आणि पन्नास शेअर

त्याच ऑगस्ट २०१८ मध्ये निफ्टी ११,७०० च्या घरात होता. येस बँक तेव्हा त्याच निफ्टीतली एक कंपनी होती, त्यामुळे निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे त्या पन्नासही कंपन्यांचे शेअर घेणारा फंड, घेणाऱ्याच्या पैशांतही तिचा थोडा वाटा होता. तो वाटा त्याचाही बुडाला. मार्च २०२० मध्ये तिला निफ्टीतून काढून श्री सिमेंट घेतली गेली. कोरोनाच्या घसरणीत निफ्टी ७,६०० च्याही खाली गेला, ते दिवस कुणालाच सोपे नव्हते. पण सप्टेंबर २०२४ मध्ये तोच निफ्टी २६ हजार ओलांडून गेला. एक कंपनी गेली तरी पन्नास मिळून चालत राहिल्या. एका शेअरला असा सोबती नसतो.

म्हणून कुणी एकेक शेअर घेऊच नये असं मी म्हणत नाही. २००५ ते २०१८ या काळात याच शेअरने पंचेचाळीस पट दिले आणि तेही खरे पैसे होते. ज्याला ताळेबंद वाचायला आवडतो, वेळ आहे आणि पडलं तर घरखर्च अडणार नाही एवढीच रक्कम त्यात आहे, त्याने जरूर घ्यावेत. मुलीच्या शिक्षणाचे, निवृत्तीच्या निधीचे पैसे एका नावावर लावू नयेत, ते नाव कितीही मोठं असो. आणि खरेदीच्या दिवशीच वहीत एक ओळ लिहावी: मी हा शेअर का घेतो आहे, आणि काय झालं तर विकेन. येस बँकेच्या बाबतीत ती ओळ "थकीत कर्जांचा आकडा खोटा ठरला तर" एवढी असती, तरी त्यात घातलेला बहुतेकांचा पैसा वाचला असता.

ज्यांच्याकडे असे शेअर अजून पडून आहेत त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. "विकलं नाही तोवर तोटा नाही" हे आयकराच्या हिशेबात आपल्यालाच महाग पडतं. बारा महिन्यांहून जास्त ठेवून तोट्यात विकलेल्या शेअरचा तोटा दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि त्या वर्षी नफा नसेल तर विवरणपत्र मुदतीत भरून पुढची आठ वर्षं तो ओढता येतो. न विकलेल्या शेअरचा काहीच करता येत नाही. हा तोटा काढताना ॲपमधला सरासरी भाव धरत नाहीत. डीमॅट खात्यात जे शेअर आधी आले ते आधी विकले गेले, असं धरतात. आपल्या माणसाने मार्च २०२३ मध्ये १६ रुपयांना २५० शेअर विकले असते तर ॲपच्या सरासरीने त्याला तोटा २३ हजार वाटला असता. आयकराच्या हिशेबात विकले गेले ते ३८० चे शंभर, २२० चे शंभर आणि १६५ चे पन्नास. खरेदी ६८,२५० रुपये, विक्री ४,००० रुपये, तोटा ६४,२५० रुपये.